आतून उघडणारं दार

सर्वेअरच्या घरात बाथरूमला कडी होती, पण लग्न झाल्यापासून ती कुणी लावली नव्हती. दार नुसतं लोटून घ्यायचं आणि आत असेपर्यंत गुणगुणायचं, असा त्या घरातला रिवाज. बाहेरच्याला गुणगुण ऐकू आली की तो परत फिरायचा. नाही आली तर बेधडक आत शिरायचा. बायकोचा गळा गोड, त्यामुळे तिच्या आंघोळीला अख्खा जिना खूश असायचा. सर्वेअरला सुरांचं वावडं. तो फ्रिजसारखा एकाच पट्टीत हुं हुं करत राहायचा. मुलगी आता लांब नोकरीला होती आणि सवयीने ऑफिसच्या बाथरूममध्येही गुणगुणायची. तिथे सगळ्यांचा समज होता की मुलगी फार आनंदी स्वभावाची आहे.

याचं मूळ बायकोच्या शाळेत होतं. लहानपणी एकदा खेळाच्या सामानाच्या खोलीत ती चेंडू ठेवायला गेली आणि शिपायाने बाहेरून कुलूप घातलं. शनिवार होता, शाळा लवकर सुटली होती. वडिलांनी शोधून काढलं तेव्हा ती गाद्यांच्या ढिगावर बसून गात होती. रडून कुणी येईना म्हणून गायला लागले, असं ती सांगायची आणि सांगताना हसायची. पण तेव्हापासून ती लिफ्टमध्ये शिरलेली नव्हती. ज्या दाराची कडी बाहेरच्याच्या हातात, त्या दाराआड ती उभी राहत नसे.

अशा बाईच्या नवऱ्याने निवृत्त झाल्यावर एक जुनी व्हॅन विकत घेतली आणि जाहीर केलं की आता आपण हिच्यात राहून जग बघायचं.

सर्वेअर म्हणजे विमा कंपनीचा सर्वेअर. उभा जन्म त्याने दुसऱ्यांच्या जळक्या वायरी आणि चेपलेली दारं बघण्यात घालवला होता. प्रत्येक अहवालाच्या शेवटी तो एक वाक्य लिहायचा, ‘सदर नुकसान टाळता येण्याजोगे होते,’ आणि ते लिहिताना त्याला जो आनंद व्हायचा तो त्याने पगारवाढीतही अनुभवला नव्हता. लोक किती मूर्ख असतात याचा त्याच्याइतका अभ्यास त्या गावात कुणाचा नव्हता. अडचण एवढीच की तो अभ्यास कायम दुसऱ्यांचा होता.

“दार आतून उघडलं पाहिजे,” बायको म्हणाली. “बाकी तुम्हाला काय घालायचा तो गोंधळ घाला.”

“अगं, उघडणारच. गाडी आहे ती, तिजोरी नाही.”

“कधीही. मी आत एकटी असले तरी.”

“शब्द देतो.”

“शब्द नको. दार हवं.”

गाडी पार्सलं वाहणारी होती. पुढे दोन सीटा, त्यांच्यामागे लोखंडी भिंत आणि भिंतीमागे नुसतं रिकामं पोट. भिंत त्याने तशीच ठेवली, कारण तिच्यावर स्वयंपाकाचं कपाट छान टांगता आलं. मागची दोन दारं पलंगाआड गेली आणि प्लायवूडखाली बुजली. खिडकीची काच न उघडणारी, न फुटणारी बसवली, पाणी गळायला नको म्हणून. छताला एक झरोका ठेवला, जाडजूड पुस्तकाएवढा. उरलं ते कुशीतलं सरकतं दार. घराला दार एकच असतं, असं तो म्हणायचा. ते खरंही होतं.

काम मात्र देखणं झालं. पत्र्याच्या आत फोम, फोमच्या आत प्लायवूड आणि त्यावर लाकडाच्या गुळगुळीत पट्ट्या. स्क्रूची डोकी दिसली तर गाडी खोक्यासारखी वाटेल म्हणून पट्ट्या गोंदाने चिकटवल्या. जो येई तो त्या पट्ट्यांवरून हात फिरवी. बायकोसुद्धा. ती गाडीला ‘डबा’ म्हणायची. पण हात फिरवायची.

पट्ट्या चिकटल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी डबा बोलायला लागला. टिंग, टिंग, टिंग. डॅशबोर्डवर लाल दिवा लागला की दार उघडं आहे. दार बंद होतं. त्याने ते उघडून पुन्हा लावलं, जोरात लावलं, शिव्या देऊन लावलं. डब्याचं म्हणणं एकच. आतला दिवा विझेना आणि सकाळी बॅटरी मेलेली. बॅटरी चार्ज केली, पुन्हा तेच.

कारण त्याला मनातून लगेच कळलं होतं. दाराच्या चौकटीत प्लायवूड ठोकताना एक स्क्रू बाकीच्यांपेक्षा जरा जड गेला होता. कुरकुरीत काहीतरी चावल्यासारखा आवाजही झाला होता. तेव्हा तो रेडिओवर बातम्या ऐकत होता. चौकटीतून एक बारीक वायर जाते. दार उघडं की बंद, ही खबर ती गाडीच्या मेंदूला देते. तिच्याच पोटात स्क्रू गेला होता. उपाय सरळ होता. पट्ट्या काढायच्या, प्लायवूड काढायचं, वायर जोडायची. पण गोंदाने चिकटलेल्या पट्ट्या निघणार त्या तुकड्यातुकड्यांनीच.

दुसऱ्याचं प्रकरण असतं तर त्याने एका ओळीत निकाल दिला असता.

इंटरनेटवर अशी घरं बांधणाऱ्यांचा एक गट होता. त्याने तिथे विचारलं. पहिल्याने लिहिलं, प्लायवूड काढा. त्याने ते वाचून पुढे सरकवलं. दुसऱ्याने लिहिलं, प्लायवूड काढा, आणि पुढे सर्वेअरच्या अकलेबद्दलही दोन शब्द लिहिले. तिसरा माणूस समजूतदार निघाला. डॅशबोर्डखाली ती वायर कापा, म्हणाला, आणि शेजारच्या वायरीला जोडून टाका. गाडीला कायम वाटेल की दार बंदच आहे. कटकट संपली. त्याखाली चौथ्याने लिहायला सुरुवात केली होती, ‘हे अजिबात करू नका, कारण या गाड्या मुळात...’ आणि तिथे ‘पुढे वाचा’ असं निळ्या अक्षरांत आलं होतं. पण सर्वेअरच्या हातात एव्हाना पक्कड होती.

टिंग थांबलं. दिवा विझला. सकाळी बॅटरी टवटवीत.

“सापडलं का?” बायकोने विचारलं.

“सापडलं.”

“काय होतं?”

“वायर.”

हे खोटं नव्हतं.

त्यानंतर डबा दारापुढे उभा असताना अधूनमधून आवाज यायला लागला. खट्. एकदाच, आतून कुणीतरी कडी लावल्यासारखा. बायको स्वयंपाकघराच्या खिडकीतून ऐकायची.

“अहो, डब्यात कोण आहे?”

“कुणी नाही.”

“मग कडी कुणी लावली?”

“पत्रा तापतो गं. गार होताना आवाज करतो.”

“सकाळी सकाळी?”

“रात्रीचा राहिलेला असेल.”

तिने भांडी विसळायला घेतली.

तिचा धाकटा भाऊ दातांचा डॉक्टर. आयुष्यभर लोकांच्या उघड्या तोंडात बघून त्याला आतल्या गोष्टींची आवड लागली होती. एका दुपारी बायको बाजारात गेलेली असताना तो डबा बघायला आला. सर्वेअरने ओट्यावर बसूनच किल्लीवरचं बटण दाबलं. कुलूप उघडल्याचा आवाज झाला.

“जा, बघून ये आत. दार बघ कसं सरकतं. रेल साफ करून तेल घातलंय. एका बोटाने.”

मेहुणा आत शिरला. एका बोटाने दार लावून घेतलं. सर्र... टक्. खरोखर लोण्यासारखं. सर्वेअर समाधानाने चहा आणायला घरात गेला, किल्ली फ्रिजवर ठेवली आणि पाण्यात साखर घातली.

चहाचे दोन कप घेऊन तो बाहेर आला तेव्हा डबा शांत होता. मेहुणा पलंगावर पडून बघत असेल, असं त्याला वाटलं. त्याने स्वतःचा चहा प्यायला. मग त्याला दिसलं की डबा किंचित हलतोय.

जवळ जाऊन पत्र्याला कान लावला तेव्हा खूप लांबून, विहिरीतून यावा तसा आवाज आला. “भाऊजी. अहो भाऊजी. उघडा की.”

“आतून उघड! आडवा दांडा ओढ!”

“ओढतोय! नुसता खुळखुळतोय हो तो!”

किल्ली फ्रिजवर होती. ती आधी कपाटावर शोधण्यात, मग शर्टाच्या खिशात शोधण्यात जो वेळ जायचा तो गेला. दार उघडलं तेव्हा मेहुण्याचा शर्ट पाठीला चिकटलेला होता आणि त्याच्या दवाखान्यातल्या खुर्चीत बसणाऱ्यांच्या चेहऱ्यावर असतो तो भाव आज त्याच्या चेहऱ्यावर होता.

“काय झालं रे?”

“मला? काही नाही. आवाज बाहेर जातो का ते बघत होतो.”

“नाही आला.”

“छान झालंय मग काम.”

दोघंही हसले, आणि दोघंही गरजेपेक्षा जरा जास्तच वेळ हसले. मग मेहुणा चपला घालता घालता म्हणाला, “ताईला यातलं काही बोलू नका. उगाच घाबरेल. तिने पडदे शिवायला घेतलेत.”

संध्याकाळी सर्वेअरने ‘पुढे वाचा’वर बोट ठेवलं.

चौथ्या माणसाने फार शांतपणे लिहिलं होतं. या गाड्या पार्सलांसाठी बनवलेल्या असतात. कुलूप उघडून थोडा वेळ कुठलंच दार उघडलं नाही, तर गाडीला वाटतं की मालकाकडून बटण चुकून दाबलं गेलं. ती आपणहून पुन्हा कुलूप लावते. आणि ते कुलूप दुहेरी असतं. चोराने काच फोडून आत हात घातला तरी त्याला दांडा ओढता येऊ नये म्हणून आतले दांडे सुटे पडतात. पार्सलाला आतून दार उघडायची गरज पडत नाही. तुम्ही ती वायर जोडलीत की दार कितीही वेळा उघडलं तरी गाडीला ते कळणार नाही. ती प्रत्येक वेळी कुलूप लावेल. तिच्या दृष्टीने आत कुणीच नसेल.

त्याने ते दोनदा वाचलं. मग तो बाहेरच्या खोलीत गेला. बायको मशीनवर बसली होती. निळ्या कापडावर तिने पिवळी किनार लावली होती.

“ऐका ना,” ती म्हणाली. “मी तलावाकाठीच म्हणते पहिल्यांदा. रात्री तिथेच राहू. दार उघडं टाकून झोपायचं, गार वारा येईल.”

लग्नानंतर इतक्या वर्षांत बायकोने कुठल्याही वाहनाबद्दल ‘राहू’ हा शब्द वापरला नव्हता. बसमध्येसुद्धा ती दाराजवळ उभी राहायची. सर्वेअर तोंड उघडून उभा राहिला. सांगायचं म्हणजे पट्ट्या फोडायच्या, पडदे घडी करून ठेवायचे, आणि ती पुन्हा कधी ‘राहू’ म्हणणार नाही. न सांगायचं म्हणजे काय, तर किल्ली कायम आपल्याच खिशात ठेवायची. किल्ली आपल्याकडे असली तर दार केव्हाही उघडता येतं. परत आल्यावर सावकाश पट्ट्या काढू. हा विचार त्याला इतका भरभक्कम वाटला की त्याने पंखा जरा मोठा केला आणि तो पेपर वाचत बसला.

निघायच्या सकाळी बायको म्हणाली, “थांबा. आधी बघू दे.”

ती डब्यात चढली. दार सरकवून लावलं. सर्वेअर बाहेर उभा, अंगठा किल्लीच्या बटणावर. सर्र, टक्. मग आतून दांडा ओढल्याचा आवाज आणि दार उघडलं. तिने पुन्हा लावलं, पुन्हा उघडलं. त्याच्या कानशिलावरून घाम ओघळला. थोडा वेळ, असं त्या माणसाने लिहिलं होतं; थोडा म्हणजे किती ते लिहिलं नव्हतं. तिने तिसऱ्यांदा लावलं तेव्हा त्याने हळूच बटण दाबून टाकलं, वेळ नव्याने सुरू व्हावा म्हणून. दार उघडलं. ती पायरीवर उभी होती आणि लहान मुलीसारखी हसत होती.

“बरं,” ती म्हणाली. “चला.”

ते ‘बरं’ त्याला वाटभर गाडी चालवताना कानात ऐकू येत राहिलं.

दुपार कलायच्या आत ते तलावावर पोचले. काठ उतरता होता, माणूस कुणी नव्हतं; लांब दगडांवर एकजण गळ टाकून बसलेला तेवढा. सर्वेअरने गाडीचं तोंड पाण्याकडे केलं. दोघं उतरले. त्याने सवयीने कुलूप लावलं, दोघांनी उभं राहून पाणी बघितलं.

“चहा ठेवते,” बायको म्हणाली.

त्याने बटण दाबलं, दार सरकवलं आणि दरबारी नोकरासारखा वाकून हात पुढे केला. ती हसत आत चढली. तिचा मोबाइल पुढे डॅशबोर्डवर चार्जिंगला होता. किल्ली त्याने खिशात घातली आणि वर थापटून बघितली.

“मी जरा पाय मोकळे करून येतो.”

“लांब जाऊ नका. लगेच होईल.”

तो उतारावरून खाली निघाला. मागे आवाज झाला, सर्र... टक्. गाडी उतारावर, तोंड खाली. दार आपोआप घसरून लागलं होतं. रेलला तेल काय घातलंय, त्याला वाटलं. आणि आणखी जरा पुढे गेल्यावर, वाऱ्यात जेमतेम ऐकू येईल असं, खट्.

तो थांबला. मागे वळून बघितलं. डबा उन्हात चमकत उभा होता, खिडकीत निळा पडदा, पिवळी किनार. काही हलत नव्हतं. चहा व्हायच्या आत परत जाऊ, त्याने ठरवलं. किल्ली खिशात आहे.

गळवाल्याला बोलायला कुणीतरी हवंच होतं.

“तुमची का ती गाडी? झकास. स्वतः केलीत?”

या प्रश्नापुढे सर्वेअर कायमच दुबळा होता. त्याने फोमपासून सुरुवात केली. फोमवरून प्लायवूडवर आला, प्लायवूडवरून पट्ट्यांवर. गळवाला चांगला श्रोता होता, मासा लागत नसल्यामुळे. दारावर आल्यावर सर्वेअरने आवाज जरा खाली आणला. “दारांच्या वायरिंगमध्ये सगळे फसतात. सगळं उकलून बसतात. मी एक वायर इकडची तिकडे केली. संपला विषय.”

“आणि आवाज? लोखंडी डब्यात पावसाचा केवढा होत असेल.”

“छे. आत माणूस ओरडला तरी बाहेर ऐकू येणार नाही,” सर्वेअर म्हणाला, आणि हे वाक्य तोंडातून बाहेर पडल्यावर त्याने पहिल्यांदा ते ऐकलं.

चहा झाला असता तर तिने हाक मारली असती. दगडांची सावली त्याच्या पायांखालून सरकून पार पाण्यापर्यंत गेली होती.

तो चढावर पळाला. निवृत्तीनंतर तो पहिल्यांदाच पळत होता. खिशातून किल्ली काढताना ती मातीत पडली, उचलली, पुन्हा पडली. पत्र्यावर हात ठेववत नव्हता इतका तो तापला होता. त्याने तरीही कान लावला.

आत गुणगुण चालली होती.

सूर कसला तो नव्हताच. घसा कोरडा पडून त्याची नुसती कुरकुर उरली होती. मध्ये तुटायची, पुन्हा लागायची. आत कुणीतरी आहे, एवढंच ती सांगत होती. ज्या घरात कडी लावत नाहीत त्या घरातली, बाहेरच्यासाठीची खूण.

त्याने बटण दाबलं आणि दार ओढलं. आतून ओव्हनसारखी वाफ आली, गॅसचा वास नाही, नुसती वाफ. शेगडी तिने केव्हाच बंद केली होती. ती खाली बसली होती, झरोक्याच्या बरोबर खाली, केस कपाळाला चिकटलेले. उजवा हात मनगटापासून सुजला होता. दाराच्या आतल्या बाजूला तिच्या उंचीवर पट्ट्यांना पोचे पडले होते. खाली शेगडीवरचं पातेलं वाकडं होऊन पडलं होतं. तेच तिने हत्यार म्हणून वापरलं असावं.

“अगं... दार घसरलं... मी...”

तिने हातानेच थांब म्हटलं. उतरली. पाण्याच्या कॅनपाशी जाऊन ओंजळीने प्यायली, चेहऱ्यावर पाणी मारलं, पदराने पुसलं. घाईने काहीच केलं नाही. मग त्याच्यासमोर येऊन उभी राहिली.

“तुम्हाला माहीत होतं?”

सर्वेअरच्या डोक्यात उत्तरं भराभर येत होती. पत्रा तापतो, उतार होता, वारा होता, दांडा जपून ओढावा लागतो. आयुष्यभर त्याने लोकांकडून असलीच उत्तरं ऐकली होती, आणि ती ऐकताना लोक नेमके कुठे बघतात तेही त्याला माहीत होतं. तो आत्ता तिथेच, स्वतःच्या बुटांकडे बघत होता.

“हो,” तो म्हणाला.

“कधीपासून?”

“तुझा भाऊ अडकला होता. तेव्हापासून.”

“त्यालाही माहीत.”

“हो.”

“आणि आज सकाळी मी बघत होते तेव्हा?”

“बटण दाबलं मी. बाहेरून.”

खाली तलावाकाठी गळवाल्याने आपलं सामान आवरलं, दुरून हात हलवला आणि तो निघून गेला. सर्वेअरनेही उगाचच हात हलवला.

“किल्ली द्या.”

त्याने दिली.

“आत बसा.”

“अगं, काय हे? उद्याच पट्ट्या फोडतो. आज फोडतो. माझ्याकडे छिन्नी आहे...”

“बसा ना,” ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. उलट घरी ‘जेवायला बसा’ म्हणायची तसाच होता, आणि म्हणूनच तो आत चढला. पलंगावर बसला. लाकडाचा वास येत होता, आणि तापलेल्या गोंदाचा.

ती बाहेर उभी होती, मागे पाणी चमकत होतं. तिने किल्लीवरचं बटण दाबलं आणि सुजलेला हात दाराला लावला.

“गुणगुणा,” ती म्हणाली. “म्हणजे मला कळेल.”

“कुठे चाललीस?”

“गुणगुणा.”

सर्र. टक्. एका बोटाने.

आत एकदम अंधारलं, निळसर. तो बसून राहिला. कुलूप लागायच्या आत दांडा ओढायला अजून वेळ होता हे त्याला कळत होतं. हात पुढे केला असता तर दार उघडलंही असतं. पण ती दाराबाहेर उभी असेल तर तिच्या तोंडावर ते उघडायची त्याची छाती होईना. बाहेर खडीवर पावलं वाजली असं वाटलं. जाणारी की घुटमळणारी, कळेना. मग त्याच्याच हाताने बांधलेल्या भिंतीत, अगदी जवळ, खट्.

गाडीच्या दृष्टीने आता सगळी दारं बंद होती, तशी ती कायमच होती, आणि आत कुणी नव्हतं.

त्याने गुणगुणायला सुरुवात केली. हुं... एकाच पट्टीत, फ्रिजसारखी. छत हळूहळू खाली आल्यासारखं वाटत होतं. पट्ट्यांवरचे पोचे त्याच्या डोळ्यांसमोर होते, तिच्या उंचीवर सुरू होऊन खाली खाली येत गेलेले. त्याला वाटलं, ती परत येत असेल. पावलं ऐकू येतात का बघावं. पण गुणगुणताना बाहेरचं काही ऐकू येत नव्हतं, आणि गुणगुण थांबवायची त्याची हिंमत होत नव्हती.